मेंदूतील 'क' जीवनसत्त्वाचे मापन

परीक्षेपूर्वी 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यास मुलांची स्मरणशक्ती वाढते काय, अशी पृच्छा हिवरा आश्रम येथील एका शिक्षकांनी केली. प्रश्न रास्त आहे. कारण हे जीवनसत्त्व रक्तापेक्षा मेंदूत कितीतरी अधिक असते. परंतु जिवंत माणसाच्या मेंदूत ते मोजावे कसे? रक्त काढून तपासता येते, मेंदू नव्हे.

चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटमापनाने ही अडचण दूर झाली. एम.आर.आय.च्याच यंत्रात, प्रबळ चुंबकाच्या प्रभावाखाली, निरनिराळ्या रेणूंतील हायड्रोजनची अणुकेंद्रे आपापल्या वारंवारितेवर संकेत देतात. 'क' जीवनसत्त्वाचा संकेत क्षीण, त्यातून इतरांच्या गर्दीत लपलेला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मेलिसा टर्पस्ट्रा व रॉल्फ ग्रूटर यांनी तो वेगळा काढला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग शिक्षकांच्या प्रश्नाशी अधिक निगडित आहे. मोजक्या निरोगी व्यक्तींना हे जीवनसत्त्व शिरेवाटे दिले. रक्तातील प्रमाण एकदम चढले. मेंदूतील मात्र चोवीस तास जवळजवळ तसेच राहिले. निरोगी मेंदू आपला साठा स्वतःच राखतो, असा याचा अर्थ. गोळ्यांचा खर्च वाचवावा, हेच बरे. प्रौढाची रोजची गरज शंभर मिलिग्रॅमहून कमी आहे. ती एका पेरूने, म्हणजे आपल्याकडच्या जांबाने, भागते.