गुडघ्यावरचं जेल आत जातं कसं?

आंब्याच्या हंगामात कुणकेश्वरच्या बागांतून घळीने हापूस उतरवणाऱ्यांचे खांदे दिवस मावळला की ठणकू लागतात. रापण ओढणाऱ्यांच्या कमरेची आणि गुडघ्यांची तीच गत. पूर्वी निगडीचा पाला शेकून बांधायचे, अजूनही बांधतात; पण आता फळीवर मलमाची ट्यूबही असते. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : डायक्लोफिनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के.

दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यांच्यामुळे सूज येते, ठणका वाढतो. अॅस्पिरिनसारखी औषधं या रसायनांची निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. डायक्लोफिनॅकही तेच काम करतं. प्रश्न आहे तो तिथवर पोचण्याचा.

त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो, पण खरा पहारेकरी तोच. त्याची रचना आपल्याकडच्या जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीसारखी : चपट्या मृत पेशी हे चिरे आणि मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. औषधाला वाट काढायची ती मुख्यतः या चुन्यातून. साधारण ५०० पेक्षा जास्त रेणुभार असलेले रेणू तिथे अडकतात. डायक्लोफिनॅकचा आहे २९६. ते तेलात सहज विरघळतं, मात्र त्याच्या आम्लगटावर विद्युतभार आला की स्निग्ध थर त्याला आत घेत नाही. म्हणून त्याला डायइथिलअमाइनची जोड देतात. जेलमधलं अल्कोहोल उडून गेलं की मागे उरलेलं औषध दाट होतं आणि जास्त सांद्रतेकडून कमी सांद्रतेकडे, म्हणजे आत, सरकू लागतं.

गारवा मात्र अल्कोहोलचा आणि मेन्थॉलचा. गार वाटलं म्हणजे औषध लागू पडलं, असं नव्हे.

गोळीच्या तुलनेत रक्तात पोचतं जेमतेम ६ टक्के औषध. पोटाला, मूत्रपिंडाला धोका कमी तो त्यामुळेच. गुडघा, घोटा, बोटं त्वचेच्या जवळ असल्याने तिथे जेल पोचतं. खुब्याचा सांधा खोल, तिथे फारशी आशा धरू नये. मुरगळण्या-लचकण्यावर त्याचा गुण चांगला दिसतो. झिजलेल्या गुडघ्याचं चित्र वेगळं आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानुसार औषधी जेल लावणाऱ्या दहांपैकी सुमारे सहांना बरा आराम पडला, तर औषध नसलेलं जेल लावणाऱ्या दहांपैकी पाचांना. फरक लहान आहे, पण गोळी न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी तो मला मोलाचा वाटतो.

शिवाय आपण लावतो किती? गुडघ्यासाठी एका वेळचं माप २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. त्या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब फार तर पाच दिवस पुरते. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन महिनाभर पुरवलं, तर गुण येणार कुठून?

जेलवर घट्ट पट्टी बांधू नये, गरम शेक देऊ नये. उष्णतेने औषध प्रमाणाबाहेर आत जातं. निगडीचा शेक घ्यायचा तर जेल लावलेलं नसताना घ्यावा. लावलेल्या जागी ऊन लागून त्वचेला त्रास होऊ शकतो, त्यामुळे बागेत किंवा समुद्रावर जाणाऱ्यांनी ती कपड्याने झाकावी. आणि याच औषधाची गोळी चालू असेल, अॅस्पिरिनने दम लागत असेल किंवा बाई गरोदर असेल, तर ट्यूब उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवावी.