अश्वाचें अंगमर्दन : धन्यानें काय अपेक्षा ठेवावी ?

बाळंतिणीला व तान्ह्या मुलाला तेल लावून चोळण्याचें महत्त्व आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. थकल्या वडील माणसांचे पाय चेपणें हेंही घरोघरचें नित्याचेंच काम. पण घोड्याचें अंग चोळण्यासाठीं जाणता मनुष्य बोलवावा व त्याला मोबदला द्यावा, असें म्हटलें कीं पुष्कळांस हंसूं येतें. ज्या घरांनीं हौसेनें घोडा पाळला आहे, किंवा ज्यांच्या मुलामुलींस अश्वारोहणाचा नाद लागला आहे, त्यांच्यापुढें मात्र हा प्रश्न खरोखरीच उभा राहतो. हा खर्च करून पदरांत काय पडतें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

कल्पना नवी नाहीं. ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व ४ थ्या शतकांत लिहिलेल्या अश्वविद्येवरील ग्रंथांत, घोड्याच्या पाठीला कोणतेंही उपकरण न लावतां ती हातानेंच केसांच्या रोखानें चोळावी, असें सांगितलें आहे. आमच्याकडील मोतद्दाराचा खरारा याच कुळांतला. परंतु खराऱ्यानें धूळ निघते व अंग तुकतुकीत होतें. मर्दनाचा रोख कातडीखालच्या स्नायूंवर असतो. खेळाडूंच्या मर्दनाची रीत घोड्यांस लावणारा अमेरिकन मर्दनकार जॅक मीघर यानें १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्यें आपल्या देशाच्या घोड्यांवर काम केलें. आजच्या पद्धतीचा प्रसार मुख्यतः त्यानंतरचा.

घोड्याची शरीररचनाच या उपचाराचें क्षेत्र ठरविते. आपल्या गळ्याखालीं असतें तें हांसडीचें हाड घोड्यास नसतें. त्याचे पुढचे पाय धडाशीं स्नायूंच्या झोळीनेंच बांधलेले असतात, आणि शरीराचा सुमारें ६० टक्के भार त्यांवर पडतो. स्वार बसतो तो पाठीच्या लांब स्नायूंवर. उलट, गुडघ्याखालीं पायांत मांस जवळजवळ नसतेंच. केवळ कंडरा व अस्थिबंध असतात. यास्तव जाणता मनुष्य मान, खांदे, पाठ व पुठ्ठे यांवर काम करतो. जो पायाच्या नळ्या जोरानें रगडूं लागेल, त्याच्या हातीं घोडा देऊं नये.

पहिल्या भेटीस सुमारें तासभर लागतो. आरंभीं मर्दनकार घोड्याचें वय, काम व पूर्वीच्या दुखापती विचारील. घोडा सपाट जमिनीवर चालवून व दुडक्या चालीनें नेऊन पाहील. मग उजवी व डावी बाजू ताडून पाहत तळव्यानें हळूहळू चाचपील : कोठें ऊन लागतें, कोठें गांठ आहे, कोठें अंग थरारतें. घोड्याच्या ओळखीच्या मनुष्यानें दोर सैल धरून जवळ उभें राहावें. मान खालीं येणें, डोळे अर्धवट मिटणें, जांभई देणें हीं बहुधा सुखाचीं चिन्हें होत. कान मागें पाडणें, शेपूट झटकणें, अंग काढून घेणें हा ‘दुखतें’ असा स्पष्ट जबाब आहे. तो जबाब न ऐकतां दांडगाई करणारा मर्दनकारच नव्हे. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, घोडे एकमेकांस जेथें आवडीनें खाजवितात त्या मानेच्या मुळाशीं हातानें चोळलें असतां त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असें आढळलें.

अपेक्षा मात्र बेताची असावी. घोडा मोकळेपणानें पाऊल टाकूं लागला, मान दोन्ही बाजूंस सारखी वळवूं लागला, खोगीर घालतांना त्याची कुरकुर कमी झाली, एवढें घडलें तरी आमच्या मतें पैसे वसूल झाले. लंगडेपणा बरा करितों, सरकलेलें हाड बसवितों, स्नायूंतील विष काढितों, असें सांगणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा. श्रमानें रक्तांत सांठलेलें दुग्धाम्ल विश्रांतीनंतर तास दोन तासांत शरीर स्वतःच निपटून काढतें. या विषयावरील शास्त्रीय प्रयोग अजून थोडे व लहान आहेत. दावे मात्र मोठे. पहिलें मर्दन स्पर्धेच्या आदल्या दिवशीं करूं नये, कारण कांहीं घोड्यांचें अंग दुसऱ्या दिवशीं ठणकतें. मर्दनानंतर पाणी मुबलक ठेवावें व घोड्यास मोकळ्या जागेंत संथपणें फिरवावें.

ताप, उघडी जखम, ताजी सूज, पोटशूळ किंवा माणसालाही लागणारें गजकर्ण असतां मर्दन वर्ज्य. कामानंतर पुठ्ठे लांकडासारखे कठीण होऊन लघवी काळसर झाली, तर घोड्यास जागचा हलवूंही नये. तत्काळ पशुवैद्यास बोलवावें. भारतांत १९८४ च्या कायद्यानें पशूंची चिकित्सा नोंदणी झालेल्या पशुवैद्यांकडे सोंपविली आहे. तेव्हां प्रथम वैद्य, मग मर्दनकार, हाच क्रम योग्य.

शेवटीं मूळ कारणाची गोष्ट. नीट न बसणारें खोगीर, चुकीचा नाल, धारदार झालेले दांत, किंवा एका बाजूस कलून बसणारा स्वार, यांपैकीं कांहीं कायम राहिलें तर आज मोकळा केलेला स्नायू थोड्याच दिवसांत पुन्हां आखडणार. माथेरानच्या चढउतारांवर प्रवासी वाहणाऱ्या घोड्यांस काय, किंवा पुण्यामुंबईच्या शर्यतींत धांवणाऱ्यांस काय, हा नियम एकच. म्हणून मर्दनकारास काय आढळलें तें टिपून ठेवून वैद्य, नालबंद व स्वार यांच्या कानीं घालावें. आणि रोजच्या खराऱ्यानंतर पांच मिनिटें धन्यानें स्वतःचा तळवा घोड्याच्या अंगावरून फिरवावा. मुकें जनावर आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहीं, पुष्कळदां लपवितेंच. कालच्यापेक्षां आज त्याचें अंग कोठें ऊन आहे, हें रोजच्या हातालाच कळतें. आणि वेळेवर कळलें तर पुढचें मोठें दुखणें अनेकदां टळतें.