धारवाडात भौतिकशास्त्राचं संशोधन सुरू झालं ते असं

जोयडा : तालुक्यातल्या मुलाला बी.एस्सी.नंतर पुढं शिकायचं म्हटलं की दांडेलीमार्गे धारवाड हा रस्ता ठरलेला. पण 1949 पर्यंत धारवाडला विद्यापीठच नव्हतं. तेव्हा जोयडा म्हणजे सुपा तालुका, जिल्हा मुंबई राज्यात आणि पदवी मुंबई विद्यापीठाची.

कर्नाटक विद्यापीठाचा कायदा 1949 मध्ये झाला. सुरुवातीचा कारभार मुंबईतूनच चालला, 1950 मध्ये तो धारवाडला आला. 1954 ला डी. सी. पावटे कुलगुरू झाले, ते 1967 पर्यंत राहिले. पावटे गोकाक भागातले, गणिताचे, केंब्रिजचे रँग्लर. नुसत्या परीक्षा घेणारं विद्यापीठ त्यांना नको होतं.

भौतिकशास्त्राची धुरा आली एन. आर. तावडे यांच्याकडं. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी रेणूंच्या वर्णपटावर काम केलं होतं. तोच विषय त्यांनी धारवाडात रुजवला.

काम नेमकं काय?

नळीत वायू भरून वीज सोडली की तो चमकतो. तो प्रकाश वर्णपटमापकातून गेला की फोटोच्या काचेवर पट्टे उमटतात. काही ठळक, काही फिके. हा फरक का, याचं उत्तर फ्रँक आणि काँडन यांनी 1925-26 च्या सुमारास दिलं होतं. रेणू एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची शक्यता जितकी जास्त, तितका पट्टा ठळक. ही शक्यता वेगवेगळ्या रेणूंसाठी आकड्यांत काढायची, हे धारवाडच्या गटाचं काम. हे आकडे हाताशी असले की ज्वाळेचं किंवा ताऱ्याचं तापमान प्रकाशावरून काढता येतं.

नव्या विद्यापीठाला हा विषय परवडणारा होता. अवाढव्य यंत्रं नकोत; चांगलं उपकरण, गणित आणि चिकाटी पुरे. 1960 च्या आसपास धारवाडच्या पत्त्यावरचे शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत येऊ लागले. तावडेंबरोबर काम केलेले एम. आय. सवदत्ती पुढं मंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आज याचं काय?

2010 मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. नवं विद्यापीठ म्हटलं की आपल्याकडं चर्चा होते ती जागेची, इमारतीची आणि नावाची. धारवाडचा अनुभव मात्र वेगळं सांगतो. विषय जाणणारा एक शिक्षक, झेपेल असा प्रश्न आणि तो वर्षानुवर्षं न सोडणारे विद्यार्थी, एवढ्यावर विभाग उभा राहिला. आपल्या भागातल्या पोरांनी प्रवेश घेताना इमारत जरूर बघावी, पण तिथं शिकवतंय कोण, हे आधी विचारावं.