श्वसनमार्गी विषाणूंचा प्रसार

नाक, घसा, श्वासनाल व फुप्फुसे यांच्या अस्तरातील कोशिकांत वाढणारे आणि बाधित व्यक्तीच्या उच्छ्वासातून किंवा स्रावांतून दुसऱ्या व्यक्तीच्या श्वसनमार्गात शिरणारे विषाणू म्हणजे श्वसनमार्गी विषाणू होत. इन्फ्ल्यूएंझा, गोवर, सामान्य सर्दी व कोविड-१९ हे रोग अशा विषाणूंमुळे होतात. रुग्णाच्या केवळ जवळून गेल्याने संसर्गाचा धोका ठरत नाही. बाधित व्यक्तीने सोडलेली हवा दुसऱ्याच्या श्वासात किती प्रमाणात व किती वेळ जाते, यावर तो मुख्यत्वे अवलंबून असतो.

प्रसाराचे मार्ग : बोलताना, गाताना, खोकताना व शिंकताना निरनिराळ्या आकारांचे थेंब बाहेर पडतात. कार्ल फ्ल्यूगे या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये अशा थेंबांतून जंतू पसरतात असे दाखविले. थेंबांतील पाणी उडून गेल्यावर उरणारे सूक्ष्म अवशेष हवेत तरंगत राहतात, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडली. सु. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर येण्यास पाच-सहा सेकंद लागतात. ५ मायक्रॉनच्या कणास स्थिर हवेत सु. अर्धा तास, तर १ मायक्रॉनच्या कणास कित्येक तास लागतात. हवेत तरंगणाऱ्या अशा सूक्ष्मकणांच्या समूहास वायुकलिल म्हणतात. अगरबत्तीच्या धुराप्रमाणे तो उगमाजवळ दाट असतो, परंतु बंद खोलीत हळूहळू सर्वत्र भरतो. पूर्वी ५ मायक्रॉन ही थेंब व वायुकलिल यांतील सीमा मानीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिभाषेत ही काटेकोर विभागणी सोडून दिली आहे.

हात व वस्तू यांच्यामार्फतही प्रसार होतो. सर्दीच्या काही विषाणूंच्या बाबतीत हा मार्ग महत्त्वाचा आहे. कोविड-१९ मध्ये मात्र तो गौण ठरला.

संपर्कानुसार धोका : बाधित व्यक्तीजवळून मोकळ्या रस्त्यावर जाणे हा अल्प धोक्याचा संपर्क होय. वारा वाहत असलेल्या उघड्या आवारातील बाजारात धोका कमी असतो. तथापि समोरासमोर उभे राहून मोठ्याने दीर्घकाळ बोलल्यास तो वाढतो. खिडक्या उघड्या असलेल्या एस.टी. बसपेक्षा पावसाळ्यात काचा लावलेल्या बसमध्ये तो अधिक असतो. वसतिगृहातील शयनगृह, ऊसतोडणी कामगारांची कोपी व लहान घर येथे अनेक जण रात्रभर एकच हवा घेत असल्याने धोका सर्वाधिक असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी बंद सभागृहात सु. अडीच तास चाललेल्या समूहगायनाच्या सरावानंतर ६१ उपस्थितांपैकी ५३ जण आजारी पडले. दाटी, कालावधी व गायन या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

रोगाची अवस्था हाही महत्त्वाचा घटक आहे. इन्फ्ल्यूएंझाचा परिपाक काल बहुधा १ ते ४ दिवसांचा असून लक्षणे दिसण्याच्या सु. एक दिवस आधीपासून रुग्ण संसर्गकारक असतो. कोविड-१९ मध्येही लक्षणांपूर्वी प्रसार होतो. त्यामुळे केवळ खोकणाऱ्या व्यक्तीला टाळणे पुरेसे होत नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनुभव : सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर (ईश्वरपूर) येथे परदेशातून परतलेल्या एकाच कुटुंबातील चार व्यक्तींना कोविड-१९ झाल्याचे २३ मार्च २०२० रोजी आढळले. महिनाअखेरपर्यंत बाधितांची संख्या सु. २५ झाली. त्यांतील बहुतेक जण त्याच कुटुंबातील वा त्यांच्या निकट संपर्कातील होते. संपर्कातील व्यक्तींचा शोध, अलगीकरण व परिसरबंदी हे उपाय तत्काळ योजण्यात आले. देशव्यापी टाळेबंदीही त्याच सुमारास सुरू झाली. परिणामी त्या वेळी गावभर साथ पसरली नाही. एकत्र राहणे, जेवणे व शुश्रूषा करणे यांतून होणारा संपर्क इतर सर्व संपर्कांहून किती निराळा असतो, हे या घटनेवरून दिसून येते. तसेच अशा रुग्णांस दोष देणे वा वाळीत टाकणे निरर्थक ठरते. कारण प्रसार वर्तनापेक्षा सहवासातून झालेला असतो. शिवाय बहिष्काराच्या भीतीने लोक आजार लपवितात व शोध अवघड होतो.

जुलै २०२१ मध्ये कोविड-१९ ची साथ ओसरलेली नसतानाच कृष्णा व वारणा नद्यांना महापूर आला आणि पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. विस्थापितांना शाळा इ. इमारतींत आश्रय द्यावा लागला. अशा प्रसंगी तत्काळ जीव वाचविणे प्रथम येते. निवारा टाळता येत नाही. मात्र कुटुंबवार अंतर ठेवणे, दारे-खिडक्या समोरासमोर उघडणे, लक्षणे असलेल्यांस वेगळी खोली देणे आणि वृद्ध व गर्भवती यांना वायुवीजन चांगले असलेली जागा देणे यांमुळे धोका पुष्कळ घटविता येतो.

मोकळ्या हवेचे महत्त्व या भागाला जुने आहे. पाचगणी येथे डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे क्षयरोग आरोग्यधाम स्थापन केले. क्षयरोग विषाणूमुळे नव्हे तर जंतूमुळे होतो. मोकळी हवा तेव्हा मुख्यतः उपचार म्हणून दिली जाई. परंतु प्रसार रोखण्यासही ती उपयुक्त ठरते, कारण क्षयाचे जंतूही हवेतूनच पसरतात.

प्रतिबंध : खोलीतील हवा तासात सहा वेळा बदलत असेल, तर उगम थांबल्यानंतर अर्ध्या तासात सु. ९५% दूषित कण निघून जातात. घरी रुग्ण असल्यास त्याला खिडकी असलेल्या स्वतंत्र खोलीत ठेवावे. ते शक्य नसल्यास खिडकीजवळ त्याचे अंथरूण घालून इतरांनी दूर झोपावे. रुग्ण व शुश्रूषा करणारा या दोघांनी नाका-तोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी वापरावी. साबणाने विषाणूंचे मेदयुक्त आवरण भंग पावते. असे आवरण नसलेले विषाणूही घासून धुतल्याने हातांवरून निघून जातात. लसीकरणामुळे संसर्ग प्रत्येक वेळी टळत नाही. तथापि तीव्र आजार व मृत्यू यांचे प्रमाण घटते. धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे वा ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात न्यावे.