सीमाभागातील ग्रंथप्रकाशनाचा समारंभ

पुस्तक छापून वाचकांसाठी सिद्ध होणे आणि त्याचा जाहीर समारंभ होणे, या दोन्ही गोष्टींना आपण मराठीत ‘प्रकाशन’ हा एकच शब्द लावतो. मुंबई-पुण्याकडे या दोहोंत फारसा विचार करण्यासारखे काही नसते. पुस्तक दुकानात येते, त्याची जाहिरात होते, परीक्षणे येतात, आणि समारंभ झाला काय किंवा न झाला काय, ते आपल्या वाटेने चालू लागते. बेळगाव-निपाणी भागातील लहान प्रकाशकाची स्थिती निराळी आहे. त्याच्या बाबतीत समारंभ हीच पुष्कळदा पेढी, तीच जाहिरात आणि तीच वाचकांची पहिली व कधी कधी शेवटची भेट असते. म्हणून या समारंभाकडे केवळ हौसेचा प्रकार म्हणून पाहणे आम्हांस योग्य वाटत नाही.

साहित्यिक मेळाव्यांची या भूमीला वाण कधीच नव्हती. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. अखिल भारतीय साहित्य संमेलन येथे तीनदा भरले: 1929 साली शि. म. परांजपे यांच्या, 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या आणि 2000 साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली. त्यांपैकी 1946 च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ही गोष्ट शिक्षकवर्गास सांगावयास नको. परंतु संमेलन भरणे निराळे आणि पुस्तक गावात जन्मास येणे निराळे. इंदिरा संत यांनी आपले बहुतेक आयुष्य बेळगावात काढले. ‘गर्भरेशीम’ या त्यांच्या संग्रहाला 1984 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो या गावात राहूनच. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी लंपनच्या कथांतून सीमाभागाचे बालपण आणि तेथील कानडीमिश्रित बोली साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची केली. पण त्या मालेतील पहिला संग्रह, ‘वनवास’, 1994 मध्ये प्रसिद्ध झाला तो मुंबईच्या मौजेकडून. लेखक येथला, भाषा येथली, आणि छापखाना व बाजार मात्र दूरचा, असा हा क्रम आहे. त्यात कोणाचा दोष नाही. चांगल्या प्रकाशकाकडे जाण्याचा लेखकाला अधिकारच आहे. मात्र ज्याचे नाव अजून झालेले नाही अशा खेड्यातील शिक्षकाने किंवा शेतकऱ्याने आपले हस्तलिखित घेऊन कोठे जावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर गावातील वा शेजारच्या शहरातील लहान प्रकाशक देतो.

हा प्रकाशक एकटा किंवा घरच्या माणसांच्या मदतीने काम करणारा असतो. आवृत्ती काही शेकड्यांची. आता याचा जमाखर्च कसा बसतो ते पाहावे. समजा, पुस्तकाची किंमत 200 रुपये आहे. विक्रेत्यास 40 टक्के सवलत दिली तर प्रकाशकाच्या हाती 120 रुपये येतात, तेही प्रती खपल्यावर आणि बहुधा कित्येक महिन्यांनी. समारंभाच्या संध्याकाळी तीच प्रत वाचकास 25 टक्के सवलतीने दिली, तर 150 रुपये रोख मिळतात. शंभर प्रती गेल्या तर 15,000 रुपये त्याच रात्री जमा होतात आणि छापखान्याचे देणे अंशतः तरी फिटते. सभागृहाचे भाडे, निमंत्रणपत्रिका, पाहुण्यांचा प्रवासखर्च आणि चहा-फराळ हे त्यातून वजा करावे लागतात हे खरे. म्हणूनच शाळेचे सभागृह, वाचनालयाचा दिवाणखाना किंवा देवळाचा सभामंडप यांना महत्त्व येते. लेखकाचे सगेसोयरे, सहकारी आणि विद्यार्थी येतात ते सौजन्यापोटी, असे म्हणून काही जण नाके मुरडतात. आम्हांस त्यात कमीपणा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी मराठी ग्रंथ आगाऊ वर्गणीदारांच्या आणि आश्रयदात्यांच्या बळावरच निघाले. ‘ग्रंथाली’ने 1970 नंतरच्या दशकात वाचकांनाच सभासद करून घेऊन हीच कल्पना नव्या रूपात आणली, आणि ‘बलुतं’ (1978) व ‘उपरा’ (1980) यांसारखी पुस्तके दिली.

सीमाभागात या वर्गणीच्या परंपरेला आणखी एक कारण आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका कोल्हापूरकडे आला. वाचक एकच राहिला, पण ग्रंथालयांची व्यवस्था दोन झाली. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा 1965 चा. त्यात ग्रंथालये शासनाच्या खात्याकडे असून त्यांच्यासाठी करावर उपकर बसविला जातो. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. तेथे उपकर नाही, लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अनुदान मिळते. गावोगावच्या अनुदानित मराठी वाचनालयांचे जे जाळे महाराष्ट्रातील प्रकाशकाच्या पाठीशी असते, ते आपल्या अंगणातच लाभावे ही सोय बेळगावच्या प्रकाशकाला नाही. मग त्याने वाचकाकडे स्वतः चालत जावे, हे ओघानेच आले.

तो जातो कोठे? मुख्यतः ग्रामीण साहित्य संमेलनांना. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी या बेळगाव परिसरातील गावांनी आणि निपाणी भागातील कारदगा या गावाने ही संमेलने चालविली आहेत. सुगी आटोपली की हिवाळ्यात, बहुधा एखाद्या रविवारी, सकाळी ग्रंथदिंडी निघते. मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, व्याख्यान, दुपारी गावजेवण, त्यानंतर कथाकथन आणि कविसंमेलन. खर्च गावच्या वर्गणीतून निघतो. मंडपाच्या कडेला पुस्तकांची मांडणी असते आणि व्यासपीठावर एखाद्या स्थानिक लेखकाच्या पुस्तकाचे प्रकाशन होते. ज्या बाईने सकाळी दिंडीत डोक्यावर कलश घेतला, ती दुपारी मुलासाठी गोष्टींचे पुस्तक चाळत उभी राहते. तो वाचक प्रकाशकाला दुसरीकडे कोठे भेटणार?

निपाणीची गोष्ट थोडी वेगळी आहे. हे तंबाखूचे गाव. आणि त्याला महादेव मोरे यांच्यासारखा लेखक लाभला. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी ‘एकोणिसावी जात’, ‘झोंबड’ यांसारखी पुस्तके लिहिली आणि तंबाखूच्या वखारीतील बाया, मोटारींच्या गॅरेजातील कामगार, रस्त्यावरची माणसे मराठी कथेत आणली. 2024 साली ते निवर्तले. निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय गावाला लागूनच, पण अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. गाव एका राज्यात आणि महाविद्यालय दुसऱ्या राज्यात! श्रोत्यांना मात्र ही हद्द ओलांडण्यास काही मिनिटे पुरतात.

समारंभाच्या स्वरूपाबद्दल आमची एक तक्रार आहे. रंगीत कागदात गुंडाळलेली प्रत पाहुण्यांच्या हस्ते उघडली जाते, छायाचित्र निघते, आणि मग शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ यांतच अर्धी संध्याकाळ सरते. पुस्तकावर बोलावयास आलेले वक्ते पुष्कळदा ते न वाचताच येतात. यावर उपाय सोपा आहे: वक्त्याला प्रत पंधरा दिवस आधी पोचवावी, सत्कार दोन-तीनच ठेवावेत आणि लेखकाकडून पुस्तकातील तीन-चार पाने वाचून घ्यावीत. ऐकलेले पान आवडले तर माणूस प्रत विकत घेतो. भाषण आवडले तर टाळ्या वाजवून घरी जातो. कानडी लेखक-वाचकांनाही आवर्जून बोलवावे. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्याच. दोन भाषा कानावर घेऊन वाढलेल्या माणसांनी ही देवघेव आजवर सांभाळली आहे, आणि हद्दीच्या भांडणापायी ती सोडण्याचे कारण नाही.

समारंभानंतरचे एक काम मात्र सहज विसरले जाण्याजोगे आहे. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रसिद्धीपासून 30 दिवसांच्या आत प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांस प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवावयाची असते. मूळ कायद्यात न पाठविल्याबद्दलचा दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत एवढाच आहे. त्यामुळे धाक असा कोणाला वाटत नाही. पण तीनशे प्रतींचे पुस्तक दहा वर्षांत गावातून नाहीसे होते, आणि मग त्याचा पत्ता लागण्याची जागा ही चार ग्रंथालयेच. कायद्याची ‘ग्रंथ’ ही संज्ञाही व्यापक आहे: कोणत्याही भाषेतील पुस्तक, त्याचा भाग आणि साधी पुस्तिकादेखील तीत येते. म्हणजे कडोलीच्या किंवा कारदग्याच्या संमेलनात पुस्तिकेच्या रूपाने छापलेली स्मरणिकाही आलीच.