कर्नाळ्याहून कॉलेजला

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पेढे वाटतात, प्रवेश मिळाला की नवी बॅग येते, आणि मग जून-जुलैत केव्हातरी मूल कॉलेजात जाऊ लागते. पुढचे काम कॉलेजचे, अशी आपली समजूत! बालवर्गाच्या पहिल्या दिवशी मूल रडते, म्हणून आई शाळेच्या दाराशी तासभर उभी राहते. अठरा वर्षांचे मूल कॉलेजच्या पहिल्या दिवशी रडत नाही, आणि म्हणूनच त्याला काही होत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

माझे माहेर कर्नाळ्याच्या पायथ्याशी. मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल सोडले आणि वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण मागे टाकले, की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका समोर उभा राहतो. १९६८ साली येथे पक्षी-अभयारण्य झाले. रविवारी मुंबईकर येतात, पक्षी बघतात, झाडाखाली डबा खातात आणि हवा छान आहे म्हणून परत जातात. त्याच रस्त्यावर सोमवारी सकाळी सहा वाजता पाठीला बॅगा लावून उभी असलेली मुले मात्र त्यांना कधी दिसत नाहीत. २०२४ सालच्या पावसाळ्यात त्या मुलांत माझी भाचीही होती. धाकट्या भावाची थोरली लेक. विज्ञान शाखा, प्रथम वर्ष.

पनवेल येथून जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे ‘बाहेरगावी’ शिकायला गेली असेही कोणी म्हणायचे नाही. रात्री आपल्याच घरी, आईच्या हातचे गरम जेवण, स्वतःचे अंथरूण. “तिला कसला त्रास? वसतिगृहातली पोरे बघ,” असे आमची वहिनीच म्हणाली होती. ऑगस्टच्या मध्याला भावाचा मला फोन आला.

“ताई, ती कॉलेज नको म्हणते.”

“का रे?”

“काही सांगत नाही. नको वाटत असेल तर राहू दे. इकडे गोदामांत मुलींना काम मिळतं. चार पैसे तरी येतील.”

मी पनवेललाच राहते. दुसऱ्या दिवशी भाचीला दुपारी घरी जेवायला बोलावले. वरणभात पोटात गेल्यावर पोरगी बोलू लागली. अभ्यास अवघड आहे, ही तिची तक्रार नव्हती. ती म्हणाली, “आत्या, तिथं मी गेले काय नि न गेले काय, कोणाला कळतसुद्धा नाही. आणि घरी आले की सगळे म्हणतात, आलीस का, चल पाणी भर.”

या दोन वाक्यांत पहिल्या वर्षाचे सारे दुखणे आले. शाळेत घंटा होती. बाई नावाने ओळखत, दांडी मारली तर निरोप घरी येई. कॉलेजात घंटा नाही. लेक्चर सकाळी, प्रॅक्टिकल दुपारी, मध्ये दोन तास मोकळे. त्या दोन तासांत कुठे बसायचे हेही कोणी सांगत नाही. त्यातून शिकवणे इंग्रजीतून. बारावीपर्यंत वर्गात समजावून सांगताना मराठी आधाराला होती. येथे तो आधार एकाएकी सुटला. आणि घराचे म्हणाल, तर मुलगी कॉलेजात गेली हे घराला फक्त फीच्या पावतीवरून कळले होते. तिची कामे होती तशीच होती. वसतिगृहातल्या मुलाचे घर सुटते, तेव्हा त्याला नवे धरावेच लागते. रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्याचे घर सुटलेले नसते आणि कॉलेज धरलेले नसते; दोन्हींच्या मध्ये तो लोंबकळत राहतो.

त्यातच २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला विषय, कौशल्याचा विषय अशी मोठी यादी, आणि सगळ्याचे मोजमाप क्रेडिटमध्ये. सरकारी मराठीत श्रेयांक. एका सत्रात साधारण २२ क्रेडिट, वर्षात ४४. लेक्चरचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला त्यासाठी ३० तास लागतात. वर्ष पुरे करून आणि थोडे जादा काम करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र देण्याची सोय या धोरणात आहे, आणि मिळवलेली क्रेडिट त्याच्या खात्यावर राहतात, म्हणजे पुढे परत येता येते. मी भावाला एवढेच म्हटले, “सोडायचंच तर वर्ष करून सोडू दे. ऑगस्टात सोडणाऱ्याच्या खात्यावर शून्य.” व्यवहाराची भाषा त्याला पटली.

मग आम्ही आत्या-भाची कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून २६. पायी चालणे, गाडीची वाट पाहणे आणि प्रवास, सहा दिवसांचे १४. घरकामाचे रोज तीन, म्हणजे २१. आंघोळ, जेवणखाण १४. बेरीज १३१. उरले ३७! पोरगी चकितच झाली. तिला वाटत होते, आपल्याला वेळच नाही. वेळ होता, पण तो चिल्लर होता. दहा तास कॉलेजातल्याच मधल्या फटींत, काही रात्री डोळे मिटत असताना, काही मोबाईलवर. सुट्टे पैसे पाकिटाच्या कप्प्याकप्प्यांत पडलेले असले, की माणसाला आपण कफल्लक आहोत असे वाटते, तशातली गत.

या चिल्लरीची नोट कशी करायची? येथे मला कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण झाली. १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय १९७० मध्ये याच संस्थेने काढले आणि तालुक्यातल्या कितीतरी घरांना पहिला पदवीधर मिळाला. कर्मवीरांनी शाळांइतकाच जीव वसतिगृहांवर का लावला असेल? गरिबाच्या मुलाला पुस्तकाइतकीच गरज असते ती वेळेवर जेवण, बसायला जागा, सोबती आणि ‘आलास का?’ असे विचारणाऱ्या माणसाची, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या भाचीला वसतिगृह परवडणारे नव्हते आणि आवश्यकही नव्हते. पण या चार गोष्टी घरबसल्या जमवता येतात की नाही?

जमवल्या. जागा पहिली. कॉलेजच्या ग्रंथालयात खिडकीजवळची एक खुर्ची तिने ठरवून टाकली. मधला वेळ तिथेच, आणि त्यात त्याच दिवसाचे जर्नल पुरे करायचे. आठवड्याचे दहा तास एकदम हाताला लागले. आठच दिवसांत ग्रंथालयातले काका तिला ओळखू लागले. कॉलेजात आपल्याला ओळखणारे एक माणूस असले की सारी इमारत ओळखीची वाटते, हा माझाही अनुभव. मी १९८७ साली कॉलेजात गेले, तेव्हा सायकल स्टँडवरच्या एका मावशींनी मला तीन वर्षे तगवले!

सोबत दुसरी. आपट्याकडून येणारी एक मुलगी त्याच वर्गात निघाली. दोन महिने दोघी एकाच गाडीने जात होत्या, पण एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आता परतीच्या वाटेवर एकीने विचारायचे आणि दुसरीने सांगायचे, असे ठरले; तेही मराठीत. इंग्रजीसाठी एक छोटी वही केली. लेक्चरमध्ये अडलेले पाच शब्द रोज लिहायचे, आणि तरीही अडले तर तास संपल्यावर सरांना विचारायचे. पहिल्यांदा विचारताना तिचे पाय लटपटत होते म्हणे. पण शिक्षकांना वाईट वाटते ते कोणी विचारत नाही याचे.

तिसरे काम घराचे, आणि तेच सर्वांत कठीण. पाणी भरणे धाकट्या भावाकडे गेले. त्याने कुरकुर केली, पण भरू लागला. वहिनीने संध्याकाळच्या भाकरी स्वतःकडे घेतल्या. रात्री साडेआठ ते दहा टी.व्ही. बंद. घरकामाचे एकवीस तास सातावर आले. पासाचाही हिशेब भावाला नव्याने शिकावा लागला. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत असतो. पुढे विद्यार्थी म्हणून एक तृतीयांश भरावे लागतात. ते पैसे पहिल्या तारखेला डब्यात वेगळे ठेवायचे, म्हणजे दर महिन्याला पोरीला तोंड उघडावे लागत नाही. मागावे लागणे हेही कॉलेज सुटण्याचे एक कारण असते. ते मुले सांगत नाहीत, इतकेच.

आणि चौथे, विचारणारे माणूस. “किती मार्क पडले?” हे आपण सारेच विचारतो. आमच्या भावाने दुसरा प्रश्न धरला: “आज कोणाशी बोललीस?” सुरुवातीला उत्तर यायचे, “कोणाशी नाही.” गणपतीनंतर उत्तरे लांबू लागली. दिवाळीच्या सुमारास पहिल्या सत्राची परीक्षा झाली. एका विषयात पुन्हा बसावे लागले, बाकी निभावले. गोदामाचा विषय घरात कोणी परत काढला नाही, आणि पहिले वर्ष तिने पुरे केले. फार मोठा पराक्रम नव्हे. पण त्या घरातून वर्षाची परीक्षा देणारी ती दुसरीच मुलगी. पहिली मी.

तुम्ही म्हणाल, ही कर्नाळ्याची गोष्ट. आमची मुले दादरला, डोंबिवलीला, पुण्यात. पण लोकलला लोंबकळून जाणारा मुलगा आणि खिंडीतल्या पावसात गाडीची वाट पाहणारी मुलगी यांचे दुखणे एकच. दोघांच्याही दिवसाचे तुकडे झालेले असतात आणि ते जोडायला कोणी शिकवलेले नसते. ऐन दिवाळीत हा अंक तुमच्या हाती पडेल. घरात प्रथम वर्षाचे कोणी असेल, तर त्याचे पहिले सत्र नुकतेच संपले असेल किंवा संपत आले असेल. फराळाचे ताट पुढे ठेवून निकालाचे विचारू नका. मधल्या वेळात कुठे बसतोस, येताना सोबत कोण असते, आणि घरातले कोणते काम तुझ्याकडून काढून घेऊ, एवढे तीन प्रश्न विचारा. पहिल्याचे उत्तर यायला कदाचित वेळ लागेल. तोवर ताटात आणखी एक करंजी वाढा आणि तिथेच बसून राहा.