बक्षिसाआधीची वर्गणी

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी यांना नमवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांच्या या मुलीस पन्नास हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले, त्याच विजयाने ग्रँडमास्टर किताबही लाभला आणि लवकरच राज्य शासनाने तीन कोटी रुपये देऊन तिचा गौरव केला. हे सारे उचितच झाले. परंतु नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरील वर्ध्यात अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास एक प्रश्न पडतो: विजयानंतर पैसा येतो, विजयापूर्वीचा खर्च कोणी सोसावयाचा?

बुद्धिबळ हा स्वस्त खेळ आहे, हा गोड गैरसमज होय. पट आणि सोंगट्या स्वस्त असतात. प्रशिक्षकाचे मानधन, प्रवासभाडे, मुक्काम आणि सोबत जाणाऱ्या पालकाची रजा स्वस्त नसते. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी २५०० गुणांकन व तीन ‘नॉर्म’ लागतात. त्यासाठी अनेकांना परदेशवाऱ्या कराव्या लागतात. शिवाय खुल्या स्पर्धांतील बक्षिसाची रक्कम पुष्कळदा प्रवेशशुल्कातूनच उभी राहते. म्हणजे हरणाऱ्या मुलांच्या पालकांचा पैसा जिंकणाऱ्याच्या हाती जातो. यास आश्रय कसे म्हणावे?

चाहत्यांनी थोडी थोडी रक्कम घालून बक्षिसे वाढवावीत, असे सुचविले जाते. कल्पना जुनीच आहे. १८५१ साली लंडनला भरलेली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्गणीवरच उभी राहिली. ती जिंकणारा अँडरसन हा ब्रेस्लाऊचा गणितशिक्षक. प्रवासखर्चाच्या चिंतेने तो कचरत होता. बक्षीस न मिळाल्यास खर्च आपण देऊ, असे आश्वासन संयोजक स्टॉन्टन यांनी दिले, तेव्हा तो निघाला. त्याला घराबाहेर काढले ते बक्षिसाच्या आकड्याने नव्हे, भाड्याच्या हमीने!

आपल्याकडे सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ हयातभर चालविले. त्या गावातून भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू पुढे आल्या. त्यामागे एखाद्या दिवसाचा सत्कार नव्हता. वर्षानुवर्षे उघडे राहिलेले दार होते.

मोठ्या बक्षिसाने खेळास प्रतिष्ठा येते, हे मान्य. पण बक्षीस हे यशाचे मोल असते. आश्रय म्हणजे अपयशाच्या जोखमीतील वाटा. पहिले देणारे पुष्कळ भेटतात, दुसरे विरळा.

गणेशोत्सवासाठी घरोघर पावतीपुस्तक फिरविण्याचा सराव आपल्याला आहेच. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील शिक्षक-कारकुनांनी दरमहा थोडी वर्गणी काढावी, तिचा हिशेब फलकावर लावावा आणि त्यातून होतकरू मुलांचे प्रवेशशुल्क व प्रवासभाडे भरावे. आर्वीची एखादी मुलगी नागपूरच्या स्पर्धेत हरून आली, तरी पुढच्या स्पर्धेसाठी तिचे एस.टी.चे तिकीट पुन्हा काढले गेले पाहिजे. तिच्या विजयाच्या दिवशी हार घालावयास गर्दी होईलच. त्या तिकिटाची तजवीज मात्र आजच करावयास हवी.